वालेन्सिया की मालागा? नवख्यांसाठी सणावारांचा वर्षभराचा हिशेब

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर जायचं ठरलं की ही दोन नावं हमखास समोर येतात. भाडं, विमानं, हवामान यांच्या तुलना ढिगाने मिळतात. इथे बघायचंय ते वेगळं : ओळखीचं कोणी नसताना वर्षभर करायला काय आहे आणि त्यातून माणसं कुठे जोडली जातात. आमचं मत आधीच सांगतो. मालागात रस्त्यावर जाऊन उभं राहिलं की सण तुमचा. वालेन्सियात वर्गणी भरून आत शिरावं लागतं, पण आत शिरलात की वर्षभराची सोबत मिळते.

वालेन्सिया : फायास आणि कासाल

फायास हा वालेन्सियाचा मोठा सण, १ ते १९ मार्चचा. त्यात गल्लोगल्ली भव्य पुतळे उभारतात आणि शेवटी जाळतात. या काळात रोज दुपारी २ वाजता आयुन्तामिएन्तो चौकात मास्क्लेता होते, म्हणजे पाच-सात मिनिटांची, आवाजासाठी रचलेली आतषबाजी. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या भाषेत ‘भूकंप’ होतो. तो आवाज कानापेक्षा तळपायातून आणि छातीतून जास्त कळतो. कान दाबू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, दडा कमी बसतो. आधीच्या आठवड्यात तासभर आधी गेलं तरी जागा मिळते. १५ तारखेनंतर दुपारी १२ लाच चौक भरलेला असतो. १५ ला पुतळे उभे राहतात, १७ आणि १८ ला माता मेरीला फुलं वाहायची मिरवणूक निघते आणि १९ च्या रात्री सगळं जाळतात.

हे झालं पाहुण्यांसाठी. राहणाऱ्यासाठी खरी गोष्ट कासाल, म्हणजे फायास मंडळाची जागा. शहरात साडेतीनशेहून अधिक मंडळं आहेत आणि प्रत्येकाची गल्लीत स्वतःची खोली असते. आपल्या गणपती मंडळासारखंच समजा, फक्त इथे काम बाराही महिने चालतं : पत्त्यांच्या स्पर्धा, नाटक, पाएया या भाताच्या चुली, शुक्रवारची जेवणं. या जेवणांना ज्याने-त्याने आपला डबा आणायचा असतो, टेबल आणि पेयं मंडळाची. शाकाहारी माणसाला याहून चांगली सोय नाही.

शिरायचं कसं? जळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवं वर्ष धरतात, म्हणून मार्चअखेर ते मे हा नाव घालायचा उत्तम काळ. शुक्रवारी संध्याकाळी घराजवळच्या कासालचं दार वाजवा आणि नवीन सभासद घेता का ते विचारा. ओळखपत्र आणि बँक खातं लागतं. वर्गणी प्रत्येक ठिकाणी वेगळी, बहुधा महिन्याच्या हप्त्यांनी, मुलांना कमी. फसगत होते ती पुढच्या खर्चात. सभासदाला नाताळच्या लॉटरीची तिकिटं विकायला देतात, न खपलेली गळ्यात पडतात. फुलांच्या मिरवणुकीला पारंपरिक पोशाख हवा आणि बायकांचा रेशमी पोशाख सहज हजार युरोंवर जातो. पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. बाकीच्या दिवशी मंडळाचा साधा झगा, म्हणजे ब्लुसोन, चालतो. आणि नाव घालायच्या आधी वर्गणीत काय-काय येतं ते लिहून मागा.

दम्याचा त्रास, तान्हं बाळ किंवा फटाक्यांना घाबरणारा कुत्रा घरात असेल तर मार्चच्या मधले पाच दिवस शहराबाहेर काढलेले बरे. सकाळी ८ ला फटाके लावून अख्ख्या गल्लीला उठवायची रीत आहे, तिच्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही.

मालागा : सेमाना सांता आणि ऑगस्टची फेरिया

मालागाचा मोठा आठवडा, सेमाना सांता, ईस्टरच्या आधीचा, म्हणजे तारीख दरवर्षी सरकते. इथले देव्हारे, ‘त्रोनो’, खांद्यावर वाहतात. मोठ्याला दोनशेहून जास्त माणसं लागतात. पुढे घंटा असते. ठोका पडला की सगळे खांदे एकदम वर आणि काही टन वजनाचा देव्हारा हलकेच डुलू लागतो. बुधवारी ‘एल रिको’ या मंडळाच्या मिरवणुकीत एका कैद्याची सुटका होते, गुरुवारी सकाळी लेखिओन या स्पॅनिश लष्करी दलाचे सैनिक बंदरावर उतरतात.

बघायला पैसे लागत नाहीत. लारिओस रस्ता आणि आलामेदावर विकत घेतलेल्या खुर्च्यांची गर्दी असते, म्हणून फुकट बघणाऱ्याने मंडळ जिथून निघतं तिथे किंवा अरुंद वळणावर उभं राहावं. देव्हारा वळवतानाची कसरत तिथेच दिसते. घर मिरवणुकीच्या पलीकडे असेल तर तास-दीड तास रस्ता ओलांडता येत नाही, हे धरूनच निघा. पाऊस आला तर ऐन वेळी रद्द होतं.

आत शिरणं मात्र अवघड. पूर्ण सभासदाला बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. खांदा देणाऱ्यांची खांद्याची उंची ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात मोजून घेतात आणि जागा ठरवतात. नवखा हिंदू माणूस इथे प्रेक्षकच राहतो.

फेरिया म्हणजे जत्रा, मध्य ऑगस्टला, आठवडाभर. दुपारी शहराच्या मध्यात, रात्री कोर्तिखो दे तोर्रेसच्या मैदानावर. सेव्हियाच्या (सेव्हिल) जत्रेत बहुतेक मंडप खासगी असतात. इथले बहुतेक सर्वांना खुले, हीच मोठी सोय. कार्तोखाल नावाची वाइन गोड लागते म्हणून पाण्यासारखी प्यायली जाते, तिच्यात १५ टक्के मद्यार्क असतो. तेराल हा जमिनीवरून येणारा कोरडा वारा सुटला की पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारची फेरी सोडा. केसात किंवा हातात बिस्नागा दिसेल : जाईच्या जातीच्या कळ्या उमलायच्या आधी खुडून वाळलेल्या काटेरी देठावर एकेक खोवतात, संध्याकाळी त्या उमलतात.

उरलेलं वर्ष

ऑगस्टमध्ये वालेन्सिया रिकामं होतं, दुकानांनाही टाळं लागतं. त्याआधी जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथल्या आलामेदा रस्त्यावर झेंडूच्या फुलांची लढाई असते. रथावरच्या मुली टेनिसच्या रॅकेटने फुलं अडवतात. ९ ऑक्टोबरला मिरवणूक आणि रुमालात बांधून द्यायची मार्झिपानची (बदामाची) मिठाई, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन. रोजच्यासाठी तुरिया नदीचं कोरडं पात्र आहे. १९५७ च्या पुरानंतर नदी वळवली आणि तिथे सुमारे ९ किमीची बाग झाली. पळणाऱ्यांचे गट इथे सहज भेटतात. वाद्य येत असेल तर पेठेपेठेतल्या बँड संस्था चौकशीलायक आहेत.

मालागाचा हिवाळा जास्त सुखाचा. २८ डिसेंबरला पुएर्तो दे ला तोर्रेत आरसे-फिती लावलेल्या टोप्यांचे वेर्दियालेस या लोकसंगीताचे वादक जमतात. कामिनितो देल रे ही दरीतली ७.७ किमीची वाट (त्यात २.९ किमी लाकडी फळ्यांची) हिवाळ्यातच करावी. जवळच्या एल चोर्रो स्थानकाला रेल्वेने गेलात, तरी वाट उत्तरेकडून सुरू होते, तिथवर बस घ्यावी लागते. सोमवारी बंद, आठ वर्षांखालील मुलांना मनाई, जोराचा वारा असला तरी बंद. तिकीट आधी काढा आणि परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, त्या बघून वेळ निवडा.

२३ जूनची सान खुआनची रात्र दोन्हीकडे किनाऱ्यावरच्या शेकोट्यांची. मालागात चिंध्यांच्या बाहुल्याही जाळतात. पाकीट घरी ठेवा.

मग कुठे?

दोन वर्षं किंवा जास्त राहणार, मुलं सोबत आहेत, तर वालेन्सिया. मुलं शाळेत वालेन्सियानो, म्हणजे तिथली भाषा, शिकतीलच, कासालमध्ये ती लवकर तोंडात बसते. सहा-आठ महिन्यांचं सत्र असेल, किंवा गटात शिरायचा कंटाळा असेल, तर मालागा. स्पॅनिशसाठी दोन्हीकडे एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास, म्हणजे सरकारी भाषाशाळा, आहे. प्रवेशाच्या तारखा चुकल्या की बहुधा पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं, म्हणून घर बघायच्या आधी त्या बघा. आणि मंडपात ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणून थांबू नका, ताटात हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो. ‘नि खामोन नि पेस्कादो’ (हॅमही नको, मासेही नको) हेही जोडा.