कच्छच्या काट्यांत ट्यूबलेस टायर: आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या दत्तजयंतीला मी आणि माझा भाचा सायकली घेऊन काळ्या डुंगरावर गेलो होतो. कच्छमधलं हे सर्वांत उंच ठिकाण, 462 मीटर, आणि माथ्यावर दत्ताचं देऊळ. आम्हा बडोद्याच्या मराठी घरांतल्यांना त्या देवळाची ओढ निराळीच. पण त्या दिवशी दोघांच्या मिळून सात ट्यूबा फुटल्या. शेवटचं ठिगळ लावताना सोल्यूशनची नळी संपली आणि आरती हुकली. मला त्याची फार रुखरुख लागली.

काटे गांडो बावळचे. गुजरातीत गांडो म्हणजे वेडा; आपली वेडी बाभूळ तीच. खाऱ्या जमिनीचा पसारा रोखायला 1960च्या दशकात वनखात्याने बन्नी या कच्छमधल्या गवताळ भागात तिची लागवड केली, आणि आता खावड्याकडे जाताना दुतर्फा तीच दिसते. सुकलेल्या फांद्या कच्च्या वाटेवर पडतात आणि मुरमाच्या रंगात काटा दिसतच नाही.

एप्रिलमध्ये मी 29 इंची चाकं ट्यूबलेस करून घेतली, म्हणजे आतली ट्यूब काढून टायरच रिमवर हवाबंद बसवून घेतला. रिममधली स्पोकची भोकं झाकणारी टेप, व्हॉल्व, दोन्ही टायरांत मिळून पाव लिटरच्या आसपास सीलंट (भोक आतून बुजवणारं पातळ रबरी द्रव) आणि मजुरी धरून अडीच हजार रुपये गेले. रिम ट्यूबलेस-रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय टायर बसेल अशीच बनवलेली होती म्हणून एवढ्यात भागलं. पहिल्या दुकानात काम वाईट झालं: टेप रिमपेक्षा अरुंद लावली, सकाळी हवा जाऊन चाक सपाट झालेलं आणि स्पोकच्या मुळांतून पांढरं सीलंट फरशीवर ठिबकलेलं. मग बडोद्यातच रावपुऱ्यातल्या एका जुन्या कारागिराकडे गेले. त्यांनी रिम स्पिरिटने पुसली, पूर्ण रुंदीची टेप ओढून बसवली आणि स्पोकच्या प्रत्येक भोकावर अंगठा दाबून बघितला. हवा भरताना व्हॉल्वमधली सुई काढून कॉम्प्रेसर लावला; टायर दोनदा ‘ठाक’ करून रिमवर बसला. हातपंपाने हे होणं कठीण. तुम्ही करून घेणार असाल तर टेप लावताना स्वतः उभं राहा.

आता या डिसेंबरचं. डोंगराचा मुख्य रस्ता डांबरी आहे, पण उतरताना आम्ही बाजूच्या कच्च्या वाटेला लागलो. सुटा मुरूम, मध्येच उघडे दगड, आणि उतार इतका की बसायची गादी पोटाला लागेल एवढं मागे सरकावं लागतं. समोर खाली रण पसरलेलं, दुपारच्या उन्हात नजर ठरत नाही इतकं पांढरं. ट्यूब होती तेव्हा मी हवेचा दाब 40 पीएसआय ठेवायचे, नाहीतर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावायची. आता 26 ठेवले. टायर दगडाला धरून चालतो, मनगटं दुखत नाहीत. या उतारावर मला सगळ्यांत जास्त आवडलं ते हेच, पंक्चर वाचण्यापेक्षाही. (ब्रेक मात्र दोनदा थांबून गार होऊ दिले, जळका वास येत होता.)

निम्म्यावर मागून भाचा ओरडला, “मावशी, थांब, मागच्या चाकात काहीतरी आहे!” बोटाच्या पेराएवढा काटा, मुळापर्यंत रुतलेला. पकडीने उपसला. फुस्स झालं, पांढरे बुडबुडे आले. भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, दहापर्यंत मोजलं आणि आवाज बंद. हवा बाहेर पडताना सीलंटला भोकाकडे ओढते आणि आतलं रबर तिथेच थिजतं, एवढीच ती करामत. पंपाचे चार हात मारले आणि निघालो. भाच्याच्या सायकलला अजून ट्यूबच. त्याने तोवर दोन बदलल्या होत्या.

तक्रार एकच, सीलंट वाळतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात माझं जूनअखेरीसच घट्ट झालं होतं. चाक कानाशी हलवलं तरी खळखळ ऐकू येईना. जुलैत भरलं, नोव्हेंबरात परत भरलं. हा खर्च धरूनच निर्णय घ्या. टायरची कड दगडाने फाटली तर सीलंट काही करू शकत नाही, म्हणून एक ट्यूब बरोबर ठेवतेच. फक्त सयाजीबाग आणि कॉलनीतल्या रस्त्यांवर फिरणार असाल तर या भानगडीत पडू नका, ट्यूब पुरते. पावागढच्या माचीपर्यंतच्या घाटाला मला फारसा फरक जाणवला नाही. कच्छला जाणार असाल तर मात्र करूनच घ्या.

यंदा संध्याकाळची आरती मिळाली. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तांनी स्वतःचं अंग देऊ केलं अशी तिथली कथा, म्हणून आरतीनंतर कोल्ह्यांसाठी प्रसाद ठेवतात. परतताना भिरंडियाऱ्याला थांबून मावा खाल्ला. घरी येऊन टायर धुतला तेव्हा मोडके काटे मोजले, अकरा निघाले. मोठे पाच उपसले. बाकीचे सहा तसेच ठेवलेत, हवा धरून आहेत तोवर राहू देत. भाच्याची चाकं शनिवारी रावपुऱ्यात देणार आहे.