सर्टिफिकेटवर ‘एक्सलंट’ होतं, पण कशाला?

लेकीच्या अंगठीतला ओव्हल, म्हणजे लंबगोल हिरा मी दुकानात चांगली वीस मिनिटं न्याहाळला होता. घरी येऊन खिडकीपाशी धरला, तर बरोबर मध्यावर एक काळपट आडवा पट्टा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवावेत तसा. अंगठी कशीही फिरवली तरी तो हलेना. वाटलं, बोटांचा तेलकटपणा असेल. साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, फडक्याने पुसला. पट्टा जिथल्या तिथे.

दुकानात तो दिसला नाही, कारण तिथे डोक्यावर बारीक प्रखर दिवे होते. त्या उजेडात कोणताही हिरा लखलखतो. पण मी फसले ती दिव्यांमुळे नाही, एका शब्दामुळे.

मी विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, “कट कसा आहे?” त्याने लॅबचं सर्टिफिकेट पुढे सरकवून दोन ओळींवर पेन टेकवलं. “ताई, हे बघा, एक्सलंट आणि एक्सलंट. याच्या वर ग्रेडच नसते.” मी फक्त पेनाच्या टोकाकडे पाहिलं. त्या ओळी पॉलिश आणि सिमेट्रीच्या होत्या. कटची ओळ त्या कागदावर नव्हतीच.

ती असणारही नव्हती. सर्टिफिकेट जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेचं होतं, आणि जीआयए कटची ग्रेड देते ती गोल ब्रिलियंट हिऱ्याला. ओव्हल, पेअर, मार्कीज, कुशन, प्रिन्सेस, एमराल्ड या इतर आकारांच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री मिळते, बस. पॉलिश म्हणजे पैलूंचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे, सिमेट्री म्हणजे पैलू एकमेकांशी किती नीट जुळले आहेत. हिऱ्यात शिरलेला प्रकाश डोळ्यांकडे परत येतो की नाही, हे या दोन्हींतून कळत नाही.

बोलताना आपण ‘ओव्हल कट’ म्हणतो, तो खरं तर आकार. कट म्हणजे पैलूंचे कोन आणि प्रमाण. हिऱ्याच्या आतला प्रकाश पैलूवर, लंबापासून मोजलं तर, साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त कोनात आदळला की बाहेर न पडता आतच परततो. कोन चुकले की तो खालून किंवा बाजूने निसटतो आणि हिऱ्याचं पाणी जातं. गोल हिऱ्यासाठी मार्सेल टोलकोव्स्कीने १९१९ मध्ये हे गणित मांडलं: वरच्या भागाच्या पैलूंचा कोन ३४.५ अंश, खालच्यांचा ४०.७५. लांबट आकारांना असं एकच ठरलेलं माप नाही, आणि नेमका तिथेच विक्रेत्याला वाव मिळतो.

दुसरी गोष्ट मला घरी रिपोर्ट घेऊन बसल्यावर कळली. माझा एक कॅरटचा ओव्हल ७.२ मिलिमीटर लांब, ५.३ रुंद आणि ३.९५ खोल. खोलीला रुंदीने भागलं की ७४ टक्क्यांच्या वर जातं. बऱ्या प्रमाणातला एक कॅरटचा ओव्हल साधारण ७.७ बाय ५.७ दिसतो. म्हणजे वजनाचे पैसे मी पूर्ण मोजले, पण ते वजन पोटात आणि जाड गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या भोवतालच्या कडेत, दडलेलं. ही मापं रिपोर्टवर छापलेली असतात. तिथल्या तिथे मोबाइलवर भागाकार करा, अवघडून जाऊ नका.

मध्यावरचा काळा पट्टा ओव्हल, पेअर, मार्कीजमध्ये थोडाफार असतोच. व्यापारात त्याला बो-टाय म्हणतात. बघायचं ते एवढंच, की हिरा हलवल्यावर तो उघडमीट करतो की मेल्यासारखा तसाच राहतो. फार उथळ हिऱ्याची तऱ्हा उलटी: मधून आरपार दिसतं, खाली छापील कागद ठेवला तर अक्षरंही दिसू शकतात. एमराल्डचे पैलू पायऱ्यांसारखे असतात, त्यामुळे आतला डाग लपत नाही. तिथे क्लॅरिटीवर, म्हणजे आतल्या स्वच्छतेवर, काटकसर नको. प्रिन्सेसचे टोकदार कोपरे टवका उडण्याइतके नाजूक, ते अंगठीच्या नखांनी झाकलेले हवेत.

मी अंगठी घेऊन परत गेले. तो शांतपणे म्हणाला, “मी खोटं कुठे बोललो ताई? ओव्हल कटच आहे.” बिलावर फक्त ‘ओव्हल, १.०० कॅरट’. तोंडी ‘एक्सलंट’ला पुरावा नव्हता आणि परतीची अटही मी लिहून घेतली नव्हती. बरीच रक्कम कापून त्याने हिरा परत घेतला. एवढं करा: मापं, रिपोर्ट नंबर आणि परतीची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि गर्डलवर नंबर कोरलेला असेल तर भिंगातून स्वतः जुळवून पाहा.

दुसरा हिरा आम्ही दुसरीकडे घेतला. लेकीने तो दिव्यांपासून दूर, दाराच्या उजेडात नेला आणि बोट हळूहळू कलतं केलं. मध्ये एक पुसट सावली आली, लगेच उजळली, पुन्हा आली. “आई, ही हलतेय,” ती म्हणाली.