आजारपणाच्या रजेतून उभे राहिलेले खाते : एचआरएचा चौदा महिन्यांचा अनुभव

वॉशिंग्टन राज्यातील एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) मी एकवीस वर्षे गणित शिकवले आणि ३० जून २०२४ रोजी निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी माझ्या खात्यावर आजारपणाच्या रजेचे १३२ दिवस शिल्लक होते. या रजेचे पैसे मला रोख मिळाले नाहीत. ते हेल्थ रीइम्बर्समेंट अरेंजमेंटमध्ये, म्हणजे वैद्यकीय खर्चाची भरपाई देणाऱ्या आणि येथे सगळे ज्याला एचआरए म्हणतात त्या खात्यात, जमा झाले. सिअ‍ॅटलच्या आसपास शाळांमध्ये शिक्षिका किंवा पॅराएज्युकेटर (वर्गातील सहायक) म्हणून काम करणाऱ्या मराठी भगिनींची संख्या बरीच आहे, आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत भेटल्यावर त्यांतील अनेकींनी मला या खात्याविषयी विचारले. प्रत्येकीला तेच तेच अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले.

साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या ताईंना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे रजेचे रोखीकरणच की!” तसे ते नाही. या राज्याच्या कायद्यानुसार शाळेतील कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी शिल्लक राहिलेल्या आजारपणाच्या रजेपैकी जास्तीत जास्त १८० दिवसांचा मोबदला मिळू शकतो, आणि तोही चार दिवसांना एका दिवसाच्या पगाराच्या हिशोबाने. माझ्या १३२ दिवसांचे ३३ दिवस झाले. दिवसाचा पगार ५०० डॉलर असल्याने रक्कम १६,५०० डॉलर झाली. ती रोख घेतली असती तर २२ टक्के फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) यांची ७.६५ टक्के कपात मिळून सुमारे ४,८९० डॉलर गेले असते. एचआरएमध्ये ती रक्कम एक सेंटही न कापता जमा झाली. तिच्यावर मिळणाऱ्या उत्पन्नावर कर नाही, आणि नियमात बसणाऱ्या वैद्यकीय खर्चासाठी ती काढतानाही कर नाही. वर्ष संपले म्हणून शिल्लक बुडतही नाही.

मात्र हे पैसे फक्त औषधपाण्यासाठीच वापरता येतात. या खात्यात पैसे केवळ नोकरी देणारी संस्था घालू शकते. कर्मचाऱ्याला स्वतःच्या खिशातून एक डॉलरही घालता येत नाही, आणि घराचे छप्पर गळू लागले तरी त्यातून काढता येत नाही. म्हणून या खात्याची तुलना बँकेतील ठेवीशी करू नये. पुढील काही वर्षांत आपला वैद्यकीय खर्च किती आणि कोणता असणार, याचा अंदाज असेल तर हे खाते फार चांगले आहे. तो अंदाज नसेल, तर आपलेच पैसे अडकून पडल्यासारखे वाटतात.

रोख की एचआरए, हा निर्णय एकेका व्यक्तीचा नसतो, हे मला अगदी शेवटच्या वर्षी नीट कळले. प्रत्येक कर्मचारी गट दरवर्षी मतदान करतो, आणि बहुमताने एचआरए ठरला की त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या गटातील सर्वांना तो लागू होतो. शिवाय पुढे कधी कराची आकारणी झालीच तर डिस्ट्रिक्टवर जबाबदारी येणार नाही, अशा करारावर सही करावी लागते. सही केली नाही तर त्या रजेचा मोबदलाच मिळत नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका सहकारी शिक्षिकेला पतीच्या लष्करी सेवेमुळे उत्तम आरोग्यसुविधा होती, आणि तिला घराच्या कर्जासाठी रोख रक्कम हवी होती. मी एचआरएच्या बाजूने मत दिले आणि आजही देईन, पण मतदानापूर्वी तिच्याशी एकदा बोलले असते तर बरे झाले असते असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या गटात मतदान व्हायचे आहे, त्यांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सहकाऱ्यांना आधी विचारावे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. माझा आणि यजमानांचा सर्वांत मोठा नियमित खर्च मेडिकेअर पार्ट बीच्या, म्हणजे मेडिकेअरमधील डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाच्या, हप्त्याचा आहे, आणि तो एचआरएतून मिळतो. तो आमच्या सोशल सिक्युरिटीतून कापला जातो. त्याचे पत्र एकदा अपलोड केले की दरमहा तेवढी रक्कम आपोआप बँकेत जमा होते. २०२४ मध्ये हा हप्ता माणशी १७४.७० डॉलर होता, २०२५ मध्ये तो १८५ डॉलर झाला. येथे मी चुकले. जानेवारीपासून हप्ता वाढला, पण खात्यातून जुन्याच दराने पैसे येत राहिले, कारण नव्या वर्षाचे पत्र मी पाठवले नव्हते. महिन्याला दोघांचे मिळून २०.६० डॉलर कमी येत होते, आणि एप्रिलमध्ये बँकेचे स्टेटमेंट ताडून पाहताना ते लक्षात आले. नवे पत्र आणि तीन महिन्यांच्या फरकाचा वेगळा क्लेम पाठवल्यावर ६१.८० डॉलर मिळाले. सोशल सिक्युरिटीचे पत्र वर्षअखेरीस येते. ते आल्या दिवशीच अपलोड करावे.

नोकरीत असतानाच्या विम्याचा हप्ता मात्र या खात्यातून मागता येत नाही, कारण तो पगारातून करपूर्व कापलेला असतो. एकाच खर्चावर दोनदा सवलत मिळू शकत नाही.

खात्याबरोबर एक डेबिट कार्ड मिळते. सुरुवातीला मला त्याचे फार कौतुक वाटले, आता मी ते पाकिटात ठेवत नाही. दंतवैद्यांकडे मी कार्डाने २४० डॉलर भरले, आणि तीन आठवड्यांनी कागदपत्रांची मागणी आली. मी कार्डाची पावती पाठवली. ती नाकारली गेली. दुसऱ्यांदा दवाखान्याचे बिल पाठवले, त्यावर फक्त ‘मागील थकबाकी’ एवढेच लिहिले होते. तेही नाकारले गेले आणि कार्ड बंद झाले. शेवटी दवाखान्यात जाऊन तपशीलवार बिल मागितले, तेव्हा प्रश्न सुटला. कागदावर पाच गोष्टी हव्यात : उपचार करणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, उपचाराची तारीख, उपचार कोणता आणि रक्कम किती. पैसे कधी भरले ही तारीख गौण आहे, उपचार कधी झाला ती तारीख महत्त्वाची. विमा कंपनीकडून येणाऱ्या ईओबीवर, म्हणजे उपचाराच्या खर्चाचा तपशील देणाऱ्या पत्रकावर, या पाचही गोष्टी असतात, म्हणून जेथे विमा लागू होतो तेथे मी ईओबी येईपर्यंत थांबते, स्वतःच्या पैशाने बिल भरते आणि मग क्लेम करते. या पद्धतीने केलेला माझा एकही क्लेम परत आलेला नाही.

डिसेंबरमध्ये भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला गेलो असताना माझी दाढ ठणकू लागली आणि कोथरूडला रूट कॅनॉल करून वर कॅप बसवावी लागली. परदेशात घेतलेला कायदेशीर उपचारही करनियमांत बसतो, एवढे मला ठाऊक होते. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठीवजा पावती दिली : ‘दाताचे काम, रु. १४,५००/-’. ही पावती सिअ‍ॅटलला चालणार नाही हे समजावून सांगितल्यावर त्यांच्या सहायक मुलीने लेटरहेडवर इंग्रजीत माझे नाव, दाताचा क्रमांक, तिन्ही भेटींच्या तारखा आणि प्रत्येक भेटीची रक्कम लिहून दिली, खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का घेतला. मी प्रत्येक तारखेचा रुपया-डॉलर दर वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला. नऊ दिवसांत सुमारे १७० डॉलर जमा झाले. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि तेथेच घेतलेली औषधेही मान्य झाली. विमानाचे तिकीट मी मागितले नाही, आणि कोणीही मागू नये. प्रवास मुख्यतः उपचारासाठी असेल तरच तो खर्च धरता येतो, आणि आम्ही लग्नाला गेलो होतो. आपण सगळेच येताना बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतो. त्या परदेशातून आणलेल्या औषधांचा खर्च सामान्यतः नियमांत बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

येथील दुकानातून घेतलेल्या ताप-सर्दीच्या साध्या औषधांना २०२० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज उरलेली नाही. चष्मा आणि अ‍ॅक्युपंक्चर चालते. दात पांढरे करून घेणे चालत नाही.

अजून नोकरीत असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काही डिस्ट्रिक्टमध्ये वर्षाकाठी साठ दिवसांच्या वर साठलेली रजाही एचआरएमध्ये वळवली जाते. आपण जास्त डिडक्टिबलची (विमा लागू होण्याआधी स्वतः जास्त रक्कम भरावी लागणारी) योजना घेऊन एचएसएमध्ये, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, पैसे भरत असाल, तर सर्व खर्चांना खुला असलेला एचआरए नावावर असताना ते भरता येत नाहीत. एचआरए केवळ दात आणि डोळ्यांच्या खर्चापुरता मर्यादित करून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट पासष्टीच्या आधी निवृत्त होऊन राज्याच्या एक्स्चेंजवरून (सरकारी विमा बाजारावरून) विमा घेणाऱ्यांची : एचआरएतील पैसे वापरायला मोकळे असताना हप्त्यावरचे सरकारी अनुदान मिळत नाही. अनुदानाची रक्कम अनेकदा एचआरएच्या शिल्लकेपेक्षा मोठी असते. त्यामुळे खाते तेवढ्या काळापुरते मर्यादित किंवा बंद ठेवता येते का, हे विमा घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

शुल्काविषयी माझी तक्रार नाही, पण ते आहे हे सांगायला हवे : दरमहा एक लहान ठरावीक रक्कम आणि शिल्लकेवर थोडी टक्केवारी. पैसे कोठे गुंतवायचे हे आपण निवडू शकतो. दोन-तीन वर्षांत खर्च होणारी रक्कम मी शेअर बाजारात ठेवलेली नाही.

मे महिन्यात यजमानांची श्रवणयंत्रे घेतली. मूळ मेडिकेअर त्यांचा खर्च देत नाही, आणि ३,२०० डॉलर एकदम भरायचे म्हणून ते दोन वर्षे चालढकल करत होते. तपशीलवार बिल पाठवले आणि सहाव्या दिवशी पूर्ण रक्कम बँकेत आली. ऑगस्टअखेर खात्यात सुमारे ८,००० डॉलर शिल्लक आहेत. माझ्यामागे ते यजमानांना उपचारांसाठी वापरता येतील, परंतु आमच्या चौतीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलाला ते रोख वारसा म्हणून मिळणार नाहीत. म्हणून शिल्लक राखून ठेवण्याचा मोह आम्ही धरलेला नाही. यजमानांचे नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक खात्यावर नोंदवला आहे, लॉगिनची माहिती त्यांच्या वहीत लिहून दिली आहे, आणि मागच्या महिन्यापासून पार्ट बीच्या जमेची खात्री तेच करतात.