ग्रँड विटारा हायब्रिड: जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर अॅव्हरेज कसं काढायचं

गाडी घेतली तेव्हापासून ओळखीचं कोणीपण भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय भो, अॅव्हरेज काय देते?" म्हणून एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो.

मारुतीची ग्रँड विटारा, स्ट्राँग हायब्रिडवाली. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर आणि बॅटरी, कंपनीचा आकडा लिटरला २७.९७. टोयोटाच्या हायरायडरमध्ये पण हीच सिस्टीम आहे, दोन्ही २०२२ च्याच, त्यामुळे तिच्यावाल्यांनी पण वाचा. गाडी एक नंबर आहे, मनापासून सांगतो, पण जुनी डिझेल गाडी हाणायची तशी हाणली तर हायब्रिडचे जादाचे पैसे वाया गेले समजा.

आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे की गावात अॅव्हरेज पडतं आणि हायवेला वाढतं, इथं जवळपास उलटं आहे. जळगावात आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली असं रांगत जायचं असेल तर इंजिन बराच वेळ बंदच असतं, गाडी मोटरवर सरकते आणि ब्रेक मारला की तीच मोटर बॅटरी भरते. मला गावात २४-२५ सहज मिळतं. तेच पारोळा-धुळे मोकळा चौपदरी रस्ता दिसला आणि ११० वर काटा नेला की १८ वर येतं, कारण इंजिनला सुट्टीच नाही आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गात वाढतो. ८०-८५ ला ठेवा, धुळ्याला दहा-बारा मिनिटं उशिरा पोचाल पण फरक टाकीत दिसेल.

आता मेन गोष्ट, पाय. बरेच जण ईव्हीचा हिरवा दिवा (गाडी नुसत्या मोटरवर चालली की लागतो तो) विझू नये म्हणून मुंगीच्या चालीने गाडी उचलतात, मागचे हॉर्न मारतात ते वेगळंच. याचा फायदा नाही. बॅटरी विजेच्या पाऊण युनिटची आहे फक्त, ती रिकामी झाली की इंजिन पेट्रोल जाळूनच भरणार ना. त्यापेक्षा मीटरवर चार्ज, इको, पॉवर असे भाग दिसतात तिकडे लक्ष ठेवा. मी इकोच्या वरच्या टोकापर्यंत दाबून बऱ्यापैकी जोरात ६०-६५ ला नेतो, मग पाय पूर्ण उचलतो, इंजिन बंद होतं, आणि लगेच अंगठ्याने दाबावा इतका हलका दाब परत देतो, की काटा चार्जमध्ये पण जात नाही आणि इंजिन पण चालू होत नाही. गाडी तशीच वाहत राहते. स्पीड ५० ला उतरला की पुन्हा तेच. मागं ट्रक असेल तेव्हा मात्र हे करू नका.

ब्रेकचं पण तसंच. सिग्नल लांबूनच लाल दिसला की तिथूनच पाय काढा आणि ब्रेक हळूहळू वाढवत न्या, म्हणजे बहुतेक वेग बॅटरीत जातो. जवळ जाऊन करकचून दाबला तर तो पॅड तापवण्यात गेला.

आमचे काका आयुष्यभर ट्रॅक्स जीप चालवलेले, धुळ्याजवळच्या लळिंगचा उतार आला की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. हायब्रिडमध्ये हे करूच नका, न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही, आणि उतारावर ते धोक्याचं पण आहे. गिअर डी मध्येच राहू द्या. कन्नड घाटातून चाळीसगावला उतरताना बॅटरी मध्येच भरून जाते, मग पुढचा ब्रेक सगळा पॅडवर येतो, तिथं गिअर बी वर टाका, म्हणजे इंजिनचा ब्रेक लागतो. इंजिनचा आवाज एकदम वाढतो, घाबरायचं काम नाही, ते गाडी धरून ठेवतंय. सपाट रस्त्याला बी नको, अॅव्हरेज कमीच होतं.

उन्हाचं काय? आपला एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते, हे सुख भुसावळच्या उन्हात बसल्याशिवाय कळणार नाही. पण ती वीज बॅटरीतूनच जाते, मग इंजिन सारखं चालू होतं. उन्हात उभी असलेली गाडी आधी चारही दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, काचा खाली करून थोडं चालवा, मग एसी २५-२६ ला. सावली मिळाली तर उत्तमच, बॅटरीला पण बरं.

थंडीत सकाळी दूध आणायला एक किलोमीटर गाडी काढाल तर अॅव्हरेज रडवेल, कारण इंजिन गरम होईपर्यंत बंदच होत नाही. बाजार, बँक, शाळा एकाच फेरीत उरका. टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच.

बॅटरी मागं असल्यामुळे डिकी लहान आहे, हे घेण्याआधी बघून घ्या. रावेरहून केळीचे दोन घड आणि चार जणांच्या बॅगा एकत्र बसत नाहीत. आणि तुमचं रनिंग सगळं सुरत-नागपूर हायवेचंच असेल, तेही १०० च्या वर, तर साधी पेट्रोल घ्या आणि पैसे वाचवा. गावात रोजचं चालणं असेल तर डोळे झाकून हायब्रिड.