बडोद्यातला बेस गिटार मेळावा : सेट-अपचं टेबल आणि गरब्याचं सत्र उत्तम, स्टॉलचा हॉल फसला

दांडिया बाजाराजवळ एका शाळेच्या सभागृहात, नवरात्राच्या तोंडावर भरलेला हा मेळावा फक्त बेस (खर्जाचे स्वर देणारी गिटार) वाजवणाऱ्यांसाठी होता. याचंच आधी कौतुक. एरवी गिटारच्या कार्यक्रमात बेसच्या वाट्याला कोपऱ्यातला एखादा स्टॉल येतो. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरा विषय नव्हता. तिकीट ४०० रुपये, आणि आपला बेस घेऊन येणाऱ्याला त्यातच सेट-अप, म्हणजे बेस नीट वाजेल अशी जुळणी, करून मिळत होता. फक्त ते टेबल आणि दुपारचं गरब्याचं सत्र एवढंच ज्यांनी गाठलं, त्यांचेही पैसे वसूल झाले.

टेबलावरच्या कारागिराचं काम उभं राहून पाहण्यासारखं होतं. बेस हातात आला की तो आधी सूर लावायचा, कारण तारांचा ताण पूर्ण बसल्याशिवाय नेकचा (तारांखालच्या लांब दांड्याचा) बाक मोजण्यात अर्थ नाही. मग पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, सगळ्यात जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि आठव्या फ्रेटपाशी तार नि फ्रेट यांच्या फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं पातं. ०.३ ते ०.३५ मिलिमीटरचं पातं तिथून अलगद गेलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सूर, पुन्हा माप. त्यानंतर अ‍ॅक्शन : तारांची फ्रेटपासूनची उंची, सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर.

आलेल्या बऱ्याच बेसवर एकच घोळ दिसला. अ‍ॅक्शन खाली आणायची म्हणून मालकाने ट्रस रॉड आवळलेला. त्याने नेक उलट्या बाजूला वाकते आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार खरखरते. उंची कमी करायची ती ब्रिजवरच्या (तारा अडकवायची खालची पट्टी) सॅडलच्या, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याच्या, स्क्रूने. ट्रस रॉड फक्त बाकासाठी. खरखर वरच्या फ्रेटवर असेल तर अ‍ॅक्शन फार खाली गेली आहे असं धरा. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं आणि नेक हलते, त्यामुळे जूनमध्ये केलेला सेट-अप आश्विनात तसाच राहील अशी अपेक्षा ठेवू नये. शेवटची पायरी इंटोनेशनची, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर येण्याची. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे, नेकपासून दूर, उतरला तर पुढे. हे जुन्या, मेलेल्या तारांवर करून उपयोग नाही, म्हणून कारागीर आधी तारा बदलायला सांगत होता, आणि ते बरोबरच होतं.

उणीव एवढीच की टोकन नव्हते. दुपारी दोननंतर आलेल्यांना परत जावं लागलं. वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या असत्या तर तेवढ्याच वेळात सगळ्यांचं काम आटोपलं असतं.

दुपारचं सत्र होतं गरब्यातल्या बेसचं, आणि ते बडोद्यातच होऊ शकतं. इथले गरबे अजून लाइव्ह वाद्यवृंदावर चालतात. बेसवाला तासन् तास, न थांबता वाजवतो, आणि त्याचं काम स्टुडिओतल्या बेसपेक्षा फार वेगळं आहे. ढोलाचा घुमारा आणि बेसचा मूळ स्वर एकाच पट्ट्यात येऊन एकमेकांना खातात. शिकवणाऱ्याने सांगितलेला उपाय सोपा आणि नेमका होता. हिंच या गरब्याच्या तालाच्या सहा मात्रांत बेसने पहिली आणि चौथी धरायची, मधल्या मात्रांवर तार डाव्या हाताने पूर्ण बंद करायची. स्वर लांबवत राहिलात की ढोल चिखलात रुततो. ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवली की हे आपोआप साधतं. फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली असा म्यूट मुळातच असायचा.

दुसरा मुद्दा पट्टीचा. गायक काळी एक (सी शार्प) पट्टी म्हणाला की चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याखालचा हवा तर पाच तारांचा बेस लागतो, आणि तो स्वर साधारण ३५ हर्ट्झचा. मैदानावरचे सब (खर्जाचे स्पीकर) बहुधा तो पोचवूच शकत नाहीत. अ‍ॅम्पची ताकद मात्र तिथेच जाते. म्हणून ४० हर्ट्झखाली हाय-पास (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा आणि ७०० ते ८०० हर्ट्झच्या भागात थोडं वाढवा, म्हणजे उघड्यावर बोटाचा ठोका कळतो. मैदानावर भिंती नसतात, त्यामुळे घरच्या खोलीत भरदार लागणारा आवाज तिथे पातळ पडतो. घाबरून बास नॉब पूर्ण फिरवणं हीच तिथली नेहमीची चूक.

बेसच्या लाइनी टॅबऐवजी (तारा आणि फ्रेटच्या आकड्यांनी लिहिणं) मात्रांच्या खणात सरगम लिहून दिल्या होत्या. १८८६ साली सयाजीरावांनी काढलेल्या गायनशाळेत गायक मौलाबक्षांनी स्वरलिपीवरून शिकवायला सुरुवात केली. त्या गावात ही पद्धत सगळ्यांच्या लगेच अंगवळणी पडली. कीबोर्डवाल्यालाही तोच कागद वाचता येतो, हा फायदा वेगळा.

आता स्टॉलचा हॉल. इथे मेळावा फसला, आणि कारण मांडणीत आहे. एकाच मोठ्या खोलीत अनेक अ‍ॅम्प एकाच वेळी सुरू. बेसच्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, त्याची लाट आठ मीटरहून लांब. ती पार्टिशनने अडत नाही. भिंतीलगत आणि कोपऱ्यात खर्ज फुगतो, खोलीच्या मध्ये काही ठिकाणी चक्क गायब होतो. तुम्ही प्रिसिजन आणि जॅझ बेस या फेंडरच्या दोन प्रकारांची तुलना करायला उभे राहिलात तरी ऐकत असता ती खोली. एक बंद वर्ग, त्यात एक अ‍ॅम्प आणि प्रत्येकाला दहा मिनिटं, एवढं केलं असतं तर लोकांना खरंच काही ठरवता आलं असतं.

संध्याकाळपर्यंत एका स्टॉलवरचा अ‍ॅम्प बंद पडू लागला. चार ओहमपर्यंत चालणाऱ्या अ‍ॅम्पला आठ-आठ ओहमची तीन कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) जोडली होती. दोन जोडली तर चार ओहम होतात, तिसरं लावलं की २.७. अ‍ॅम्प तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. विकणाऱ्यालाच हे माहीत नसणं चांगलं लक्षण नाही. त्याच हॉलमध्ये अर्थिंगही ढिलं होतं. तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायची, सोडला की वाढायची. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) सारखे पूर्ण उघडले तर ती गुणगुण बरीच मरते, पण हा उपाय प्रत्येक बेसला लागू नाही.

रात्रीच्या वादनाचा आवाज मात्र नीट होता. साउंडवाल्याने सगळ्यांचा सिग्नल डीआय बॉक्समधून (सिग्नल थेट मिक्सरला देणारी पेटी) ईक्यूच्या, म्हणजे स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या, आधी घेतला, त्यामुळे वाजवणाऱ्याने स्टेजवर अ‍ॅम्पचे नॉब कितीही फिरवले तरी पुढच्या रांगांना फरक पडला नाही. एका वादकाचा आवाज मध्येच फाटायला लागला. अ‍ॅक्टिव्ह बेसमधली नऊ व्होल्टची बॅटरी संपली होती. अशा बेसच्या आत बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, असतो. केबल जोडलेली असेपर्यंत प्रीअ‍ॅम्प चालू राहतो, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवायची आणि पिशवीत एक जास्तीची बॅटरी ठेवायची. पुढच्या रांगेत आवाज फार होता आणि इअरप्लग कुठेच ठेवले नव्हते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांपलीकडे कान सुरक्षित नाहीत. फोमचे प्लग वरचे सूर जास्त कापतात आणि बेस गढूळ लागतो. बेसवाल्याने फिल्टरवाले घ्यावेत.

खाण्याची सोय बाहेर सेव-उसळीच्या गाडीवर होती, ती चांगली. पार्किंग अवघड, बेस पाठीवर टाकून रिक्षाने येणं सोपं.

तारांच्या स्टॉलवर ४५-१०५ चे (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संच भरपूर होते, फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या तारा) दुपारीच संपले. शॉर्ट स्केलच्या, म्हणजे आखूड बेसच्या, तारा विचारल्याशिवाय दाखवत नव्हते. तुमचा बेस ३० इंची असेल तर ३४ इंचीचा संच घेऊ नका : तारेचा जाड भाग नटपलीकडे (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) जाऊन खुंटीवर गुंडाळला जातो, तिथे तो नीट बसत नाही आणि सूर टिकत नाही. घरून निघण्याआधी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, दुप्पट करा, आणि तो आकडा दुकानदाराला सांगा.