स्क्रीनवर शंभर गुण, मॅनिकिनच्या हातावर रक्त: आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना प्रोसिजर शिकवते. जूनपासून डेमो आणि रिटर्न डेमोच्या (मी करून दाखवायचं, मग मुलींनी करून दाखवायचं) जोडीला संगणकावरचा सिम्युलेशन प्रोग्रॅम वापरतेय.

सलाईनच्या हिशोबाला तो फारच उपयोगी पडला. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. फळ्यावर हे गणित तिघीचौघी सोडवायच्या, बाकीच्या उतरवून घ्यायच्या. आता प्रत्येकीला वेगळं गणित येतं, सुटका नाही.

आयव्ही कॅन्युलाचं, म्हणजे सुईने शिरेत बसवायच्या बारीक नळीचं, मात्र तसं झालं नाही. राधानगरीकडची एक हुशार मुलगी, स्क्रीनवर शंभरपैकी शंभर. मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, हातावर गुलाबी, २० नंबरचा कॅन्युला घेतला. शीर लागली, मागे रक्त दिसलं, कॅन्युला छान आत सरकवला. आणि टॉर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला बांधलेला पट्टा) न सोडता, शीर वरून न दाबता सुई काढली. लाल पाणी टेबलाच्या कडेपर्यंत ओघळलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, तिथं बटण चमकतं." तिची चूक नव्हतीच. टॉर्निकेट सोडल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकतच नाही, मग लक्षात ठेवायची सवय कुठून लागणार? ही सूचना बंद करायची सोय द्या म्हणून कंपनीला दोनदा कळवलं, अजून उत्तर नाही.

तेव्हापासून मुली स्क्रीनवरचा सराव आधी करून येतात. वर्गात मी डेमो देताना मुद्दाम एक पायरी गाळते. त्यांनी मला अडवायचं. मग एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने बोलायचं: "मावशी, मूठ आवळा, मुंगी चावल्यागत हुईल." स्क्रीनवरचा पेशंट इंग्रजी बोलतो आणि हात कधी मागे ओढत नाही.

सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबत राहायच्या उपचाराला (कोल्हापुरात हा शब्द ऐकला की आधी त्याच नावाने ओळखलं जाणारं प्रमिलाराजे रुग्णालयच आठवतं), संगणक माझ्याही पुढे आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब मी मोजू शकते. पण दाब ५ ते ६ सेंटिमीटर गेला का, छाती पूर्ण वर आली का, हे माझ्या डोळ्याला नेमकं कळत नव्हतं. सेन्सरच्या मॅनिकिनवर ते लगेच आलेखात दिसतं. दमलेली मुलगी छातीवर रेलून राहते, हे मला तिथंच पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

जूनमध्ये प्रोग्रॅमचं लायसन्स संपेल. पुन्हा घ्या असंच मी सांगणार आहे, पण त्याआधी मॅनिकिनच्या हाताची कातडी आणि शिरा नव्या हव्यात. जुन्या टोचून टोचून गळायला लागल्यात.