मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायची असेल तर

सतारमेकर गल्लीतल्या या लहानशा कारखान्यात जवारीचं काम चोख होतं. जवारी म्हणजे तारेचा झणझणीत, भरलेला नाद; तार ज्यावर टेकते ती घोडी नेमकी घासून तो आणतात. त्याचं गुपित कामाच्या पाटाखालच्या डब्यात आहे. शिकाऊ हातांनी बिघडवलेल्या घोड्या तिथे जपून ठेवल्यात. एकीवर तारेखाली खळगा पडलाय, म्हणून तार कडांवर आपटून खरखरते. दुसरीचा उतार पुढून फारच घासलाय. तिथे तार घोडीला टेकतच नाही, आवाज बंद येतो आणि तारेखाली घातलेलं सूत कितीही सरकवलं तरी जवारी खुलत नाही. गिऱ्हाइकाचा तंबोरा आला की आधी तार छेडून ऐकतात, मग डब्यातल्या कुठल्या घोडीसारखा दोष आहे ते ताडतात. निम्मं निदान तिथेच होतं.

पुढचं काम संथ. एका वेळी एकच तार ढिली करून बाजूला घ्यायची, कानशीचे दोन-तीन हलके हात, पुन्हा स्वरात आणून ऐकायचं. घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून ही सबुरी हवीच.

आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गाता ते, आधी सांगा. काळी चारला गाणाऱ्याचा तंबोरा पांढरी दोनला लावून जवारी केली, तर ताण बदलताच ती बिघडते.

उणीव एकच: खुंट्या घसरतात का, हे आपणहून पाहत नाहीत. तेवढा खडू लावून घ्या.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या डब्यातल्या घोड्याही तितक्याच मोलाच्या वाटतात.